स्कॅन आणि पिन यांच्या मधला क्षण

‘नुसतं स्कॅन केलं तर पैसे जातात का हो?’

तेलंगणात आदिलाबादहून निर्मलकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर इचोडा लागते. इथे दुकानाच्या पाटीवर तेलुगू असते, गिऱ्हाइकाच्या तोंडी मराठी, शेजारी गोंडी किंवा लंबाडी, आणि बाजारभर दखनी उर्दू. गल्ल्यापाशी चिकटवलेल्या स्कॅनरवर मात्र यांतली एकही भाषा नसते, नुसते काळे-पांढरे ठिपके असतात. कापसाचे पैसे खात्यावर जमा झालेला शेतकरी खताच्या दुकानात उभा असतो, पोरगा मोबाइल पुढे करतो आणि बाप वरचा प्रश्न विचारतो. पोराला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. मला तसे वाटत नाही. आपण जे वाचू शकत नाही त्याच्यावर पैसे सोपवताना माणसाने विचारावे असाच हा प्रश्न आहे.

नुसत्या स्कॅनने पैसे जात नाहीत. पण मग लोक फसतात कसे? ते समजायला आधी त्या चौकोनाच्या आत डोकावावे लागेल.

१. चौकोनात असते काय?

क्यूआर कोड जन्मला तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी. जपानमधली डेन्सो ही कंपनी टोयोटाला भाग पुरवते. भागांच्या एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत, कारण आडव्या रेघांच्या बारकोडात जेमतेम वीस अक्षरे मावतात. कामगार एकामागून एक रेघा वाचून वैतागत. तिथले अभियंते मासाहिरो हारा यांना ‘गो’ या पटावरच्या खेळातल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून सुचले की माहिती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडे पसरता येईल. १९९४ साली कोड तयार झाला. सर्वांत लहान कोड २१ बाय २१ ठिपक्यांचा असतो, सर्वांत मोठा १७७ बाय १७७ चा. मोठ्यात नुसते आकडे भरले तर ७०८९ मावतात.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन म्हणजे कॅमेऱ्यासाठी खुणा आहेत: कोड इथे आहे आणि त्याची वरची बाजू ही. हारांच्या गटाने वर्तमानपत्रे, पत्रके, खोक्यांवरची छपाई असे खूप काही तपासले आणि काळ्या-पांढऱ्याचे कोणते प्रमाण छपाईत सर्वांत क्वचित दिसते ते शोधले. ते निघाले १:१:३:१:१. म्हणून कॅमेरा आजूबाजूच्या अक्षरांत गोंधळत नाही.

कंपनीने पेटंट घेतले, पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे कोड बनवणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले. जगभर कोड पसरला तो या उदारपणामुळे. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. कोड कोणीही, कुठेही, फुकट बनवू शकतो. त्याला परवाना लागत नाही, शिक्का लागत नाही.

आत असतो तो फक्त मजकूर. जुन्या काळी सावकार गड्याच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला दुकानावर धाडी. गड्याला वाचता येत नसे. चिठ्ठीत ‘याला पायलीभर ज्वारी द्या’ असेल किंवा ‘याच्याकडून पाच रुपये वसूल करा’ असेल, त्याच्या लेखी दोन्ही सारख्याच. क्यूआर कोड ही तशी चिठ्ठी आहे, आणि तुमचा मोबाइल ती वाचून दाखवणारा. वाचल्याने कोणाचे काही जात नाही. वाचल्यानंतर तुम्ही ‘हो’ म्हणता तेव्हा जाते.

आता हळदीचे बोट लागलेला, उन्हाने विटलेला, कोपरा फाटलेला कोडसुद्धा चालतो, हे तुम्ही पाहिले असेल. कोडात मूळ मजकुराबरोबर दुरुस्तीचा जादा मजकूरही भरलेला असतो. तो किती भरायचा याच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर साधारण ७ टक्के खराबी भरून निघते, वरच्या पायरीवर ३० टक्के. मधोमध कंपनीचे चिन्ह छापूनही कोड वाचला जातो तो यामुळेच. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पेनाने दोन-चार ठिपके काळे करून सहसा कोणी तुमचे पैसे वळवू शकत नाही, कारण मोबाइल ती चूक दुरुस्त करून मूळ मजकूरच वाचतो. फसवायचे तर अख्खा कोड बदलावा लागतो. याकडे पुढे येऊच.

२. रुपयांची चिठ्ठी

चहाच्या टपरीवरच्या कोडात काय लिहिलेले असते? मूळ मजकूर रोमन अक्षरांत असतो. देवनागरीत मांडला तर तो साधारण असा दिसेल:

यूपीआय://पे?पीए=टपरी@बँक&पीएन=टपरी&एएम=२०&सीयू=आयएनआर

सुरुवातीला सांगितले आहे की ही यूपीआयची चिठ्ठी आहे आणि काम ‘पे’ म्हणजे पैसे देण्याचे आहे. ‘पीए’ म्हणजे पैसे कोणाच्या पत्त्यावर जायचे ते, ‘पीएन’ म्हणजे त्याचे नाव, ‘एएम’ म्हणजे रक्कम, आणि शेवटी चलन: रुपया. टपरीवर कायम चिकटवलेल्या कोडात रक्कम नसते, ती तुम्ही टाकता. पेट्रोल पंपाच्या किंवा मोठ्या दुकानाच्या यंत्रावर दर वेळी नवा उमटणारा कोड असतो, त्यात रक्कमही भरलेली असते.

पुन्हा त्या ओळीकडे बघा. तुमचा खातेक्रमांक तिच्यात नाही. तुमची शिल्लक नाही, पिनही नाही. तुमच्याकडून काही ओढून घेणारे असे तिच्यात काहीच नाही. स्कॅन झाल्यावर अ‍ॅप नाव आणि रक्कम दाखवते, मग पिन मागते. पिन टाकला की पैसे गेले. बापाच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन पायऱ्यांच्या मधे आहे: स्कॅन आणि पिन यांच्यामध्ये जी स्क्रीन येते ती वाचायची. बहुतेक जण ती वाचत नाहीत. मागे रांग असते, दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो आणि अंगठा सवयीने पुढे सरकतो.

इथे एक सवलत आहे आणि तिच्यामुळे एक भोकही. ‘यूपीआय लाइट’ सुरू केले असेल तर छोट्या रकमेला पिन लागत नाही. डिसेंबर २०२४ पासून एका वेळी १००० रुपयांपर्यंत आणि ‘लाइट’च्या खिशात एकूण ५००० रुपयांपर्यंत अशी मर्यादा आहे. २०२५ पासून पिनऐवजी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने मंजुरी द्यायची सोयही आली. चहा-बिडीला हे सोयीचे आहे. पण मधला क्षण त्यामुळे आणखी आखूड झाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मोबाइलवर ‘लाइट’मध्ये दोन-तीनशे रुपयेच ठेवावेत, असे माझे मत.

कोणत्याही अ‍ॅपने कोणाचाही कोड वाचता येतो, हे आज गृहीत धरले जाते. पूर्वी काही कंपन्यांचे कोड फक्त त्यांच्याच अ‍ॅपला कळत. रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली क्यूआर कोडचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचा अहवाल जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँकेने असे खासगी कोड नव्याने काढायला बंदी केली आणि जुने बदलायला ३१ मार्च २०२२ पर्यंत मुदत दिली. आज काउंटरवर चार अ‍ॅपचे चार स्कॅनर दिसले तर ती जाहिरातीची हौस समजा. एक पुरतो. आणि एकच असला तर त्यावर दुकानदाराची नजरही राहते.

३. वरून चिकटवलेला कोड

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत काही जणांनी रात्री फिरून दुकानांबाहेरच्या आणि पेट्रोल पंपावरच्या कोडांवर आपले कोड चिकटवले. सकाळपासून गिऱ्हाइके पैसे देत होती आणि ते भलत्याच खात्यात जात होते. प्रकार लक्षात आला तो औषधाच्या एका दुकानात: स्कॅन केल्यावर येणारे नाव बदललेले दिसले. पुढे सीसीटीव्हीत चिकटवणारे सापडले. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २०२२ च्या सुरुवातीला गाड्या लावायचे पैसे घेणाऱ्या यंत्रांवर असेच खोटे स्टिकर निघाले होते.

खजुराहोत चोरी पकडली ती नावाने, आणि नावाची ही युक्ती आता अधिक पक्की झाली आहे. पूर्वी काही अ‍ॅप कोडातच लिहिलेले नाव, म्हणजे वरच्या ओळीतला ‘पीएन’, दाखवत. चोराने तिथे ‘श्री साई किराणा’ लिहिले की काम भागे. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२५ मध्ये अ‍ॅपना सांगितले की ३० जूनपासून पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवायचे, कोडातून आलेले नाही. म्हणजे स्क्रीनवरचे नाव आता चिठ्ठीतून येत नाही, बँकेकडून येते.

अडचण अशी की पाटीवर एक नाव असते आणि खाते भलत्याच्या नावाने निघते. कुठे बायकोच्या नावाने, कुठे धाकट्या भावाच्या. इचोड्यात रोजचे गिऱ्हाइक दुकानदाराला आडनावाने ओळखते, त्याला प्रश्न पडत नाही. महामार्गावरच्या धाब्यावर नागपूरहून हैदराबादला निघालेला माणूस कोणालाच ओळखत नाही. त्याने सरळ विचारावे: ‘नाव काय येईल भाऊ?’ आणि उत्तर मिळेपर्यंत पिन टाकू नये. दुकानदारांना माझा एक आग्रह आहे. स्कॅनरच्या खाली खात्यावरचे नाव ठळक लिहून ठेवा, तेलुगूत आणि मराठीत. बाहेरच्या खांबावर स्कॅनर लावू नका, गल्ल्याच्या आत ठेवा. सकाळी दुकान उघडल्यावर कडेवरून नख फिरवा. खाली दुसरा कागद असेल तर कळतोच.

४. ‘पैसे घ्यायला स्कॅन करा’

सगळ्यांत जास्त माणसे फसली ती या एका वाक्याने. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा विकायला ऑनलाइन जाहिरात दिली होती. गिऱ्हाइकाने आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास बसवला. मग कोड पाठवला: हा स्कॅन करा, पैसे येतील. गेले २० हजार. चुकीचा कोड गेला, दुसरा स्कॅन करा, परत मिळतील, असे म्हणून आणखी १४ हजार. शिकलेल्या, शहरातल्या माणसाचे असे होते. म्हैस, जुनी मोटारसायकल किंवा सोयाबीन विकणाऱ्याला हिणवायचे कारण नाही.

वरची चिठ्ठी आठवा: तिच्यात ‘पे’ लिहिले आहे. यूपीआयच्या कोडाला दिशा एकच: स्कॅन करणारा देतो, ज्याचा कोड तो घेतो. पैसे घ्यायचे असतील तर तुमचा कोड समोरच्याने स्कॅन करायचा. घ्यायला पिन लागत नाही, बोटही लागत नाही. समोरचा लष्करात असो, बँकेत असो, नाहीतर योजनेचा अधिकारी असो, ‘पिन टाका म्हणजे जमा होतील’ हे वाक्य आले की फोन ठेवा. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय बंद केली, त्यामुळे चोरांचे एक दार लागले. रक्कम भरलेला कोड व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायचे दार मात्र उघडेच आहे.

अ‍ॅपची भाषा मराठी करून घ्या. इंग्रजीत ‘पे’ आणि ‘रिसीव्ह’ यांतला फरक घाईत निसटतो. ‘पैसे द्या’ असे डोळ्यांसमोर आले तर घ्यायला बसलेला माणूस दचकतो.

५. लिंक असलेली चिठ्ठी

प्रत्येक कोड पैशांचा नसतो. पत्रक, पार्सल, हॉटेलचे मेनूकार्ड यांवरचा कोड बहुधा एखाद्या वेबसाइटचा पत्ता असतो. हा पैशांच्या अ‍ॅपने उघडू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचा. आयफोनच्या कॅमेऱ्याला २०१७ पासून ते येते, बहुतेक अँड्रॉइड फोनलाही येते. कॅमेरा आधी पत्ता दाखवतो आणि तुम्ही टिचकी मारेपर्यंत थांबतो.

स्कॅनिंगचे वेगळे अ‍ॅप घेऊ नका. ‘बारकोड स्कॅनर’ नावाचे एक अ‍ॅप एक कोटीहून जास्त फोनांवर होते आणि कैक वर्षे नीट चालले. २०२० च्या डिसेंबरातल्या एका अपडेटनंतर ते आपोआप जाहिराती उघडू लागले. गूगलने ते काढून टाकले, पण लोकांच्या फोनवरून ते आपोआप गेले नाही.

पत्ता वाचायचा कसा? सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि शेवटाकडून वाचा, कारण खरा मालक शेवटी असतो. ‘तुमची-बँक डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता बँकेचा. ‘तुमची-बँक डॉट बँक डॉट इन डॉट बक्षीस डॉट कॉम’ हा ‘बक्षीस डॉट कॉम’वाल्याचा, पुढे बँकेचे नाव लिहायला कोणी अडवत नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितले. हे पत्ते हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि फक्त बँकांना देते. सरकारी पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो.

कोड उघडल्यावर एखादी ‘एपीके’ फाइल उतरवायला सांगितले, तर तिथेच थांबा. ते प्ले स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप बसवणे झाले. पीएम किसानच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फाइली खूप फिरल्या आहेत, आणि त्या तुमचे ओटीपीचे मेसेज वाचतात.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून जागा आहे. तिथून कोड स्कॅन केला की तुमचे सगळे बोलणे दुसऱ्या संगणकावर उघडते. मोबाइल दुरुस्तीवाला असो की मदत करणारा अनोळखी पोरगा, त्याच्या संगणकावरचा कोड तिथून स्कॅन करू नका. कधी केला असेल तर त्याच जागी यादी दिसते. अनोळखी नाव काढून टाका.

६. बियाण्याच्या पाकिटावरचा कोड

आदिलाबादच्या कापूसपट्ट्यात जून आला की ‘चोर बीटी’ची कुजबुज सुरू होते. तणनाशक सोसणारे, परवानगी नसलेले हे बियाणे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘साथी’ ही व्यवस्था सुरू केली. तीत बियाण्याच्या पाकिटावर कोड असतो आणि बियाणे कुठून कुठे आले ते त्यावरून कळावे अशी योजना आहे. औषधांमध्ये ठरावीक ३०० ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून असा कोड छापणे सक्तीचे झाले.

‘कोड आहे म्हणजे माल खरा’ असे मात्र नाही. पाकीट छापणारा कोडही छापू शकतो, एका खऱ्या पाकिटावरचा उचलून हजार पाकिटांवर लावू शकतो. म्हणून दिसलेली माहिती हातातल्या पाकिटाशी ताडून पाहायची: लॉट क्रमांक, वाण, मुदत. आणि पक्की पावती घ्यायची. ग्राहक आयोगात कोडापेक्षा पावतीचे वजन जास्त.

आधारवरचा कोड वेगळ्या जातीचा आहे. त्यात नाव-पत्त्याबरोबर आधार प्राधिकरणाची डिजिटल सहीही असते. मजकुरात एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही आणि प्राधिकरणाचे अ‍ॅप ते सांगते. साध्या कोडाला अशी सही नसते, त्यामुळे तो स्वतःबद्दल काहीही सांगू शकतो.

७. गल्ल्याच्या आतून

दुकानदाराला वेगळीच भीती: गिऱ्हाइक ‘पैसे गेले’चे हिरवे चित्र दाखवून निघून जाते. तसे चित्र बनवणारी खोटी अ‍ॅपही आहेत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर विसंबू नका, मेसेजवरही नको. स्वतःच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली तरच माल द्या. बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स, याच कामाचा. कोणी वरून कोड चिकटवला तर डबा गप्प राहतो आणि चोरी पहिल्याच गिऱ्हाइकाला उघडी पडते.

ज्यांच्याकडे कीपॅडचा फोन आहे त्यांना कॅमेऱ्याची गरजच नाही. मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ने नुसता फोन लावून पैसे देता येतात.

८. गेलेच तर

१९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, आणि लगेच लावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो. ते काढले जायच्या आत पुढच्या बँकेला कळले तर तिथे गोठवता येतात. तक्रारीला व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक लागतो, तो अ‍ॅपमध्ये त्या नोंदीखाली असतो. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. स्वतःच्या बँकेला वेगळे कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे तुमच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. लाजेपायी रात्रभर गप्प बसणे महागात पडते ते असे.

१९३० लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार टाका.

सीमेवरच्या माणसाला आणखी एक धास्ती असते. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आज ते नांदेडात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. किनवटचा माणूस इचोड्यात फसला तर त्याने कुठे जायचे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. ठाण्याने ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवायचे नाही. खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.